बीपी दहा वर्षांपासून आहे म्हणून आण्णांचा मेडिक्लेम नाकारला, आता पुढं काय करता येतं?

जॉबरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. विम्याच्या किंवा कोर्टाच्या कामातलं कुणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा, लांबलंय पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आमचे आण्णा, वय ६१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, होते, आता घरीच असतात. जानेवारी २०२५ मध्ये गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजाची मिरवणूक बघून आले आणि दोन दिवसांनी रात्री दीड वाजता छातीत जड वाटायलंय म्हणाले, घामानं बनियन भिजलेला. रिक्षातनं हॉस्पिटलला नेलं, अँजिओग्राफी झाली, दोन स्टेंट पडले. देवाच्या दयेनं आता चांगले आहेत. बिल झालं ३ लाख ४२ हजार ६००. कॅशलेसला टाकलं होतं, डिस्चार्जच्या दिवशी दुपारी काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या नामंजूर आलंय, पैसे भरा मग घेऊन जावा. आईच्या पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढलं, राहिलेले मेहुण्यानं दिले.

फेब्रुवारीत सगळी ओरिजिनल बिलं जोडून रिइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मिळायला, टाकलं. २४ मार्चला पत्र आलं, डिस्चार्ज समरीनुसार पेशंटला दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब, प्रपोजल फॉर्मात सांगितलेला नाही, सबब दावा नामंजूर. वर आणि पॉलिसी पण रद्द का करू नये म्हणून विचारलंय.

आता हे दहा वर्षं कुठनं आलं ते सांगतो. त्या रात्री इमर्जन्सीत एका ज्युनिअर डॉक्टरनं आईला विचारलं बीपी कधीपासून आहे. आई थरथरत होती, हातात आण्णांची चप्पल धरून उभी होती, तिनं म्हटलं झाली की आठ-दहा वर्षं. त्या पोरानं लिहिलं १० वर्षं. तेच टाइप होऊन डिस्चार्ज समरीत आलं. खरं म्हणजे बीपी कळलं ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये, आमच्या भवानी पेठेतल्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी आहे माझ्याकडं, त्याच्या आधीची एकपण गोळी नाही.

पॉलिसी पहिल्यांदा जून २०१९ ला घेतली, ३ लाखाची, आण्णा आणि आई दोघांची, माझ्या नावावर. जून २०२२ ला दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, म्हणजे जुने फायदे ठेवून कंपनी बदलली, आणि ५ लाखाची केली. आणि इथं माझी चूक झाली असं वाटायलंय, पोर्ट करताना फॉर्म एजंटनं भरला, मला फक्त ओटीपी मागितला, त्यात बीपीपुढं 'नाही' टिक आहे. तेव्हा गोळी चालू होती. मी वाचलंच नव्हतं, खरं ते सांगतो.

कॉल सेंटरला आठ वेळा फोन केला, दर वेळी नवीन माणूस. म्हणायलेत डिसिजन फायनल आहे. खरंच फायनल आहे का? वकील लावायचा तर किती खर्च येईल? पाटल्या सोडवायच्या आहेत, आई काही बोलत नाही पण रिकाम्या हाताकडं बघवत नाही.

सातरस्ता_सुनील

दादा, सगळीकडं हेच चाललंय. प्रीमियम घेताना घरी येतात, क्लेमच्या वेळी दहा कारणं. माझं ऐका, हॉस्पिटलमध्ये ओळख काढा आणि ते १० वर्षंचं ३ वर्षं करून नवीन डिस्चार्ज कार्ड घ्या, काम खलास. आमच्या शेजाऱ्यानं असंच केलं होतं.

वकील_जुळे_सोलापूर

सुनीलभाऊ, रागानं लिहिलंय ते समजतं, पण हे अजिबात करू नका. कंपनीकडं पहिली समरी आधीच गेलेली आहे, टीपीएकडं, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडं, तिचं स्कॅन आहे. दुसरी वेगळी समरी गेली की आज फक्त 'सांगितलं नाही' एवढाच आरोप आहे तो उद्या 'खोटा कागद केला' असा होतो, आणि मग जो कायदा यांच्या बाजूनं आहे तोच हातातनं जातो. कसा ते खाली लिहितो.

पोरगा साहेब, आधी धीर धरा. तुमची केस तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा बरीच चांगली आहे. मी ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करतो, तरी सांगतो की लगेच वकील लावायची गरज नाही.

तुम्ही दोन तारखा दिल्यात, जून २०१९ आणि जानेवारी २०२५. माझ्या मते अख्खी केस या दोन तारखांच्या मधे आहे. मोजून बघा, ६७ महिने होतात. आरोग्य विम्यात मोरेटोरियम नावाची गोष्ट असते. पॉलिसी सलग इतके महिने चालली की त्यानंतर 'तुम्ही अमुक आजार लपवला' किंवा 'चुकीची माहिती दिली' या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी हा काळ आठ वर्षांचा होता, १ एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा नियामकानं, तो पाच वर्षं केला, म्हणजे ६० महिने. तुमची पॉलिसी जून २०२४ ला रिन्यू झाली असणार, म्हणजे बदल आल्यानंतर, आणि अॅटॅक त्याच्याही नंतर. आणि नियमात स्पष्ट लिहिलंय की हे ६० महिने पोर्टेबिलिटी धरून मोजायचे. नवीन कंपनीनं मीटर शून्यावर आणलं असं होत नाही. कंपनीनं तुम्हाला २०२२ चा ग्राहक धरलंय असं पत्रावरनं वाटतंय, तिथंच त्यांची गडबड आहे.

पण एक बारकावा, आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. हे संरक्षण ज्या रकमेवर ६० महिने पूर्ण झाले त्या रकमेपुरतं असतं. ३ लाख २०१९ पासून आहेत, त्यांचे महिने भरले. २०२२ ला वाढवलेल्या २ लाखाचे ६० महिने जून २०२७ ला भरतील. तुमचं बिल ३ लाख ४२ हजार, म्हणजे ३ लाखापर्यंत तुमची बाजू भक्कम, वरच्या ४२ हजार ६०० साठी भांडावं लागेल. शिवाय पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा, को-पेमेंट, म्हणजे बिलातला आपला ठरलेला हिस्सा, काही असेल तर ते मोरेटोरियमनंतरही कापतात, तेवढं धरून चाला.

दुसरा मुद्दा बीपीचा. 'आधीपासूनचा आजार' हे पहिल्या पॉलिसीच्या तारखेवरून बघतात. २०१९ ला बीपी नव्हतं, २०२१ ला झालं, तर तो २०१९ च्या पॉलिसीसाठी आधीपासूनचा आजार होतच नाही, तो पॉलिसी चालू असताना झालेला आजार. वेटिंग पिरियड, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पण आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, २०१९ च्या ३ लाखांपुरता तोही तुमचा कधीच संपला.

म्हणून त्या 'दहा वर्षं'ला उत्तर द्यायचं, पण सरळ मार्गानं. जुना कागद बदलायचा नाही. भवानी पेठेतल्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर आजच्या तारखेचा दाखला घ्या की पेशंटला बीपी पहिल्यांदा जुलै २०२१ मध्ये आढळलं, त्याआधी औषध नव्हतं, आणि पहिल्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. ज्या हॉस्पिटलला अॅडमिट होते तिथं लेखी अर्ज देऊन पूर्ण इनडोअर केस पेपर मागा, नुसती समरी नाही. मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं हा डॉक्टरांना मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी घालून दिलेला दंडक आहे, त्यामुळं 'साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या' ऐकून घेऊ नका. केस पेपरमध्ये बहुतेक वेळा 'नातेवाइकांनी सांगितल्यानुसार' असं लिहिलेलं असतं. ते असेल तर सोन्याहून पिवळं. घाबरलेल्या बायकोनं रात्री दोन वाजता अंदाजानं सांगितलेलं वाक्य, आणि त्याला आधार देणारी २०१५ ची एकही चिठ्ठी कंपनीकडं नाही. लपवलं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, हे सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्येही एका जीवन विम्याच्या केसमध्ये परत सांगितलंय.

संध्याकाळी पुढचं लिहितो, आता बोर्डावर केस आहे.

जॉबरचा_पोरगा

वकीलसाहेब, हात जोडून आभार. ६७ महिने हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी आपला २०२२ पासूनच मोजत होतो कारण कार्डावर तीच तारीख आहे. पण २०२२ च्या फॉर्मवर 'नाही' टिक आहे त्याचं काय? ते फसवणूक म्हणणार नाहीत का? रात्रभर झोप लागली नाही ओ या विचारानं.

माजी_एजंट_विजापूररोड

मी बावीस वर्षं एजन्सी केली, २०२३ ला बंद केली. तुमच्या प्रश्नाचं कायद्याचं उत्तर वकीलसाहेब देतील, मी फॉर्म कसे भरले जातात ते सांगतो, कारण लोकांना हे कळायला पाहिजे.

पोर्टिंगच्या वेळी एजंटकडं मोबाईलवर ॲप असतं. त्यात तब्येतीच्या प्रश्नांची एक यादी येते, बीपी, शुगर, थायरॉइड, दमा वगैरे. एकाला जरी 'होय' केलं की पुढं आणखी पाच खिडक्या उघडतात, कधीपासून, कुठली गोळी, किती मिलीग्रॅम, रिपोर्ट जोडा. मग कंपनी मेडिकल करायला लावते, वेळ जातो, कधी प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा आकार, लागतो, कधी पोर्ट नाकारतात. म्हणून बरेच एजंट सगळीकडं 'नाही' करून ग्राहकाला म्हणतात ओटीपी सांगा, झालं. ग्राहकाला वाटतं ओटीपी म्हणजे पैसे भरायचा. तो खरं तर 'वरील सर्व माहिती मी वाचली आणि ती खरी आहे' याची सही असतो. आमच्या लाइनमधल्या किती जणांनी हे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याची मनापासून लाज वाटते.

तुम्ही कंपनीला लेखी मागणी करा, प्रपोजल फॉर्मची पूर्ण कॉपी, पोर्टिंग फॉर्मची कॉपी, आणि जुन्या कंपनीकडून त्यांनी मागवलेला क्लेम आणि पॉलिसीचा इतिहास. पोर्ट करताना नवीन कंपनी जुन्या कंपनीकडून माहिती मागवतेच. २०२१ ते २०२२ मध्ये तुम्ही जुन्या पॉलिसीवर काही क्लेम केला होता का? ज्याच्या पेपरात बीपी लिहिलेलं असेल? तसं असेल तर नवीन कंपनीला माहिती होती किंवा मिळण्यासारखी होती असं म्हणता येतं.

आणि मंडळी, हल्ली पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फर्मेशन शीट येतं, दोन-तीन पानांचं, त्यात काय कव्हर आहे, काय नाही, वेटिंग किती, तक्रार कुठं, सगळं सोप्या भाषेत असतं, मराठीत मागितलं तर मराठीतही देतात. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस फ्री लुक, म्हणजे पॉलिसी तपासून परत करायची मुदत, असते. त्या तीस दिवसांत फॉर्मची कॉपी वाचा, चूक असेल तर मेल टाका की बीपी आहे, दुरुस्त करा. प्रीमियम पाच-सात हजारानं वाढेल, वाढू द्या.

जॉबरचा_पोरगा

काका, होय!! नोव्हेंबर २०२१ मध्ये आण्णांना जुलाब होऊन तीन दिवस अॅडमिट केलं होतं, जुन्या कंपनीनं १८ हजार दिले होते. त्याच्या डिस्चार्ज कार्डवर बीपीची गोळी लिहिलेली आहे, मी आत्ता काढून बघितलं. घडी पडून शाई पुसट झालीय पण गोळीचं नाव आणि 'चार महिन्यांपासून' वाचता येतंय.

वकील_जुळे_सोलापूर

हे 'चार महिन्यांपासून' म्हणजे जुलै २०२१. तुमच्या हातात आता तुमच्या म्हणण्याला दुजोरा देणारा असा कागद आहे जो भांडण सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी, तिसऱ्याच हॉस्पिटलनं लिहिला. याचे आजच चांगल्या उजेडात फोटो काढा आणि ओरिजिनल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

आता २०२२ च्या टिकबद्दल. खोटं बोलणार नाही, ही तुमची कमजोर बाजू आहे. कंपनी म्हणणार की पोर्टिंगच्या वेळी नवीन प्रपोजल झालं, त्यात खोटं लिहिलं. आपलं उत्तर असं की मोरेटोरियमचा नियमच मुळात न सांगितलेल्या गोष्टींसाठी आहे, ज्यानं सगळं सांगितलं त्याला त्याची गरजच काय. आणि फसवणूक म्हणजे नुसती चुकीची टिक नव्हे, फसवायच्या हेतूनं केलेलं काम, आणि तो हेतू सिद्ध झाला पाहिजे. ज्या माणसानं पोर्टिंगच्या सात महिने आधी बीपीच्या गोळीचा उल्लेख असलेलं कार्ड स्वतःच विमा कंपनीकडं क्लेमला दिलं, तो माणूस बीपी लपवत होता हे कोण मानेल?

सुप्रीम कोर्टाचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत हे पण माहीत असू द्या, कारण कंपनीचा वकील त्यांच्या बाजूचे काढणारच. २००९ च्या सतवंत कौर संधू निकालात म्हटलंय की प्रपोजलमध्ये विचारलेली महत्त्वाची गोष्ट लपवली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. उलट डिसेंबर २०२१ चा मनमोहन नंदा निकाल बघा. तिथं माणूस अमेरिकेला उतरला आणि विमानतळावरच हार्ट अॅटॅक आला, तीन स्टेंट पडले, कंपनी म्हणाली कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सांगितल्या नव्हत्या. कोर्टानं क्लेम द्यायला लावला. तुमच्या केसला हा जवळचा आहे. तरी या दोन्ही निकालांत मोरेटोरियम नव्हतं, तुमच्याकडं ते आहे, म्हणून अर्जात पहिला मुद्दा तोच टाका, निकाल मागून.

आता कामाचा क्रम. कॉल सेंटरला फोन करणं बंद करा, त्याचा कागदावर काही उपयोग नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, जीआरओ म्हणतात, ईमेल करा आणि तेच रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. मेलमध्ये हे विचारा की क्लेम नाकारायचा निर्णय तुमच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीनं मंजूर केला का, आणि पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि कलमाचा उल्लेख द्यावाच लागतो. पॉलिसी रद्द करायच्या नोटिशीला वेगळं उत्तर द्या, ते राहिलं तर आण्णांना या वयात दुसरीकडं पॉलिसी मिळणं कठीण. आणि काहीही झालं तरी रिन्यूअलचा हप्ता चुकवू नका, साखळी तुटली की सगळं मुसळ केरात.

एक महिना वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन. सोलापूर पुण्याच्या ऑफिसखाली येतं, नारायण पेठेत केळकर रोडला आहे. ५० लाखापर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात, फी नाही, वकील चालतच नाही, तुम्हीच बोलायचं. कंपनीचं उत्तर आल्यापासून, किंवा उत्तर नसेल तर तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत जायचं. तिथला निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नाही. नाही पटला तर ग्राहक आयोग उघडाच आहे. फक्त उलटं करू नका, आधी आयोगात केस टाकली तर लोकपाल घेत नाहीत.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. सुरक्षित हिशेब म्हणून २४ मार्च २०२५ पासूनच मोजा. केस सोलापुरातच टाकता येते, तुम्ही जिथं राहता तिथं. आता कायद्यात रक्कम बघतात ती तुम्ही भरलेल्या प्रीमियमची, आणि ती ५ लाखापर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य.

होटगीरोडची_ताई

मी लोकपालाकडं जाऊन आलेय, म्हणून लिहिते. माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता, कंपनी म्हणाली अॅडमिट करायची गरज नव्हती, ओपीडीत झालं असतं. ४६ हजार अडकले होते. रक्कम तुमच्यापेक्षा लहान आहे पण आमच्यासाठी मोठी होती.

तक्रार ऑनलाइनच भरली. त्यानंतर त्यांच्याकडून एक संमतीचा फॉर्म येतो, तो भरून परत पाठवायचा असतो, तो स्पॅममध्ये गेला होता आणि माझे वीस दिवस वाया गेले. तेवढं लक्ष ठेवा, रोज स्पॅम बघा.

सुनावणीला जायचं म्हणून मी पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट पण काढलं होतं, पण व्हिडिओवरच झाली. जेमतेम पंधरा मिनिटं. मी बोलायला घाबरले होते, घशाला कोरड पडलेली. त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं प्लेटलेट किती होते, त्याला सांगता येईना, पानं उलटत बसला. मी एका कागदावर तारीखवार लिहून पाठवलं होतं, पहिल्या दिवशी ८२ हजार, दुसऱ्या दिवशी ५१, तिसऱ्या दिवशी ३४, समोर डॉक्टरांची सही असलेल्या पानाचा नंबर. त्यांनी तोच कागद वर धरला. मला नाही वाटत मी काही फार छान बोलले, पण तो एक कागद बोलला.

म्हणून तुम्ही पण एक पान करा. डाव्या बाजूला तारीख, मधे काय झालं, उजवीकडं पुरावा पान नंबर. जून २०१९ पासून सुरू करा. भावनेचं, पाटल्यांचं वगैरे त्या पानावर लिहू नका, ते आपल्याला वाटतं पण त्यांना तारखा लागतात.

निकाल माझ्या बाजूनं लागला. कंपनीला ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, मला सत्ताविसाव्या दिवशी आले.

वकील_जुळे_सोलापूर

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. एक भर घालतो, ते ३० दिवस कंपनीनं पाळले नाहीत तर दिवसाला ५ हजार रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात, असा आता नियम आहे. आणि लोकपालाकडं मानसिक त्रासाची भरपाई धरून चालू नका, ती मागायची असेल तर ग्राहक आयोग.

मंगळवारबाजार_टेम्पो

वकीलसाहेब इथंच विचारतो, विषय वेगळा आहे पण माफ करा. माझा छोटा हत्ती एप्रिलमध्ये चोरीला गेला, बाजाराबाहेर रात्री लावला होता, सकाळी नाही. त्याच दिवशी पोलीस स्टेशनला गेलो, एफआयआर झाला. कंपनीला कळवायला मात्र अकरा दिवस लागले कारण मी चार दिवस स्वतःच अक्कलकोट, तुळजापूर, पार नळदुर्गपर्यंत शोधत फिरलो, मग कागदपत्रं जमवली. आता कंपनी म्हणते ४८ तासांत कळवलं नाही म्हणून क्लेम नाही. गाडीवरच पोट आहे ओ, हप्ते पण चालू आहेत.

वकील_जुळे_सोलापूर

मालक, घाबरू नका. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं गुरशिंदर सिंग केसमध्ये हाच प्रश्न सोडवलाय. तिथं ट्रॅक्टर चोरीला गेला, एफआयआर त्याच दिवशी, आणि कंपनीला कळवलं ५२ दिवसांनी. कोर्ट म्हणालं पोलिसांना ताबडतोब कळवलं, चोरी खरी आहे, तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. तुमचे तर अकराच दिवस. एफआयआरची कॉपी, दोन्ही चाव्या, आरसी, आणि तपासाचा फायनल रिपोर्ट आला की तो, एवढं तयार ठेवा. फायनान्सवाल्यांना पण लेखी कळवा. हाच जीआरओ, मग लोकपाल असा रस्ता.

आणि कुणी म्हणालंच की साध्या कारच्या लायसनवर टेम्पो चालवत होता, तर तोही मुद्दा आता संपलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसनवर चालवता येतं.

बुधवारपेठ_लक्ष्मी

माझ्या आईचा जीवन विमा आहे, चार वर्षं झाली, विड्या वळायचं काम करायची, मागच्या महिन्यात वारली. दम्याचा त्रास होता तो फॉर्मात नाही. आमचं पण असंच नाकारतील का?

वकील_जुळे_सोलापूर

ताई, वाईट झालं. जीवन विम्याचा नियम वेगळा आहे आणि तुमच्यासाठी तो आणखी चांगला आहे. विमा कायदा १९३८ चं कलम ४५. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला कुठल्याही कारणावरून ती खोटी म्हणता येत नाही, फसवणुकीचं कारण सुद्धा चालत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असं आहे. चार वर्षं झाली म्हणताय, मधे पॉलिसी बंद पडून परत चालू केली नव्हती ना ते बघा, कारण चालू केल्याच्या तारखेपासून तीन वर्षं परत मोजतात. तसं नसेल तर निर्धास्त क्लेम टाका. कुणी 'मी मिळवून देतो, वीस टक्के द्या' म्हणत दारात आलं तर दार लावून घ्या.

जॉबरचा_पोरगा

मंडळी, अपडेट देतो. केस पेपर मिळाले. पहिल्या दिवशी नाहीच म्हणाले, मग ७२ तासांचं अर्जात लिहून दिलं आणि पोच मागितली, तिसऱ्या दिवशी ११४ पानं हातात. चौथ्या पानावर निळ्या पेननं लिहिलंय, बीपी १० वर्षं, आणि पुढं कंसात 'पत्नीच्या सांगण्यानुसार'. तुम्ही म्हणाला होता अगदी तसंच.

आईला दाखवलं तर ती रडायला लागली, म्हणाली माझ्यामुळं झालं सगळं. तिला वकीलसाहेबांचं उत्तर वाचून दाखवलं, दोनदा. मग उठली आणि लोखंडी ट्रंक उघडून खालची चादर काढली. तिच्या घडीत २०१९ ची पहिली पॉलिसी, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती, सगळं रबर लावून ठेवलेलं. मी हे सगळं हरवलं समजत होतो.

ताईंनी सांगितलं तसं एक पान केलंय, जून २०१९ पासून, २३ नोंदी. आज जीआरओला मेल गेला, तक्रार नंबर आला. रजिस्टर पोस्ट उद्या टाकतो, आज पोस्टात गेलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. पॉलिसी रद्द करायच्या नोटिशीचं उत्तर वेगळं पाठवलं, आणि जूनचा हप्ता भरला, आधी वाटलं होतं यांना कशाला आता पैसे द्यायचे, पण भरला.

वकीलसाहेब, एकच विचारायचं राहिलं. मेलमध्ये २०२२ च्या फॉर्मबद्दल मी खरं ते लिहिलंय, की एजंटनं भरला, मी न वाचता ओटीपी दिला, नोव्हेंबर २०२१ च्या क्लेममध्ये बीपी लिहिलेलं होतं. मेहुणा म्हणतो हे स्वतःहून कशाला लिहिलंस. चुकलं का?

वकील_जुळे_सोलापूर

नाही चुकलं. फॉर्म त्यांच्याकडं आहेच, टिक त्यांना दिसतेच आहे. तुम्ही काही बोलला नसता तर त्याचा अर्थ त्यांनी लावला असता, आता तो तुम्ही सांगितलाय आणि सोबत कागद जोडलाय. महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्यांचं उत्तर आलं की मला इथं कळवा, लोकपालाचा अर्ज एकत्र बसून भरू. शनिवारी दुपारी रंगभवनजवळ माझं ऑफिस उघडं असतं, केस पेपरची ती चौथ्या पानाची कलर झेरॉक्स घेऊन या. फी-बी काही नको.